सई परांजपे: आधी कान, मग कॅमेरा?

ओंजळ | मंगळवार, रात्री १०:१४

परवा माळा आवरताना सई परांजपेंचं 'सय' हे आठवणींचं पुस्तक पुन्हा हाती लागलं. पुढे माळ्याचं काय झालं ते विचारू नका, सगळा पसारा अजून हॉलमध्ये आहे.

वाचताना एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. सईबाईंची ओळख आपण 'चष्मेबद्दूरच्या दिग्दर्शिका' अशी करून देतो. पण त्यांचा पहिला मोठा सिनेमा आला तेव्हा चाळिशी गाठलेली होती. त्याआधी पुणे आकाशवाणीवर निवेदन, मुलांचे कार्यक्रम, बालनाट्यं, दिल्लीची नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा (१९६३ साली तिथून बाहेर पडल्या), दिल्ली दूरदर्शन. आणि या सगळ्याच्या कितीतरी आधी, वयाच्या आठव्या वर्षी 'मुलांचा मेवा' नावाचं छापील पुस्तक! आठव्या वर्षी मी पाटीवरची अक्षरं थुंकीनं पुसत होते.

मी स्वतः काही वर्षं रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या आहेत. तिथला पहिला धडा असा की 'तो येऊन खुर्चीत बसला' हे ऐकणाऱ्याला कळत नाही, खुर्ची करकरली तर कळतं. सईबाईंचे सिनेमे बघताना मला सारखी ती करकर ऐकू येते. माणसं कशी बोलतात, कुठे अडखळतात, कुणाचं वाक्य कोण तोडतं, सगळं कानानं टिपलेलं.

म्हणून माझं मत: त्या कायम लेखिकाच राहिल्या, दिग्दर्शन हे त्या लेखनाचं शेवटचं वाचन. पटतंय का? लेखन वजा केलं तर दिग्दर्शिका किती उरते?

टिपणवही | रात्री १०:२१

मी पयला. चहा टाकतो, मग वाचतो.

काठावरचा | रात्री १०:४०

चांगला धागा. पण प्रश्नच चुकीचा मांडलाय असं वाटतं. जो माणूस स्वतःच लिहितो आणि स्वतःच उभं करतो, त्याच्यात वजाबाकी कशी करणार? वरणातून हळद काढून दाखवा.

गवतीचहा | रात्री १०:५२

@काठावरचा, काढता येते. विजय तेंडुलकर बघा. 'निशांत', 'आक्रोश', 'अर्धसत्य', 'उंबरठा' इतक्या तगड्या पटकथा लिहिल्या, पण उभं करायला बेनेगल, निहलानी, जब्बार पटेल होते. तिथे हळद कुठली आणि वरण कुठलं, वेगळं सांगता येतं. सईबाईंनी ते काम दुसऱ्याकडे दिलंच नाही. का दिलं नाही, हा खरा प्रश्न.

मुळामुठा | रात्री ११:०५

मराठीत हा प्रकार जुनाच आहे हो. पु. लं.नी १९५३ साली 'गुळाचा गणपती'मध्ये लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि वर प्रमुख भूमिका एवढं सगळं करून ठेवलंय. अलीकडे रत्नाकर मतकरींनी पंचाहत्तरीच्या आसपास 'इन्व्हेस्टमेंट' केला. परेश मोकाशी 'बोंबिलवाडी'सारखी नाटकं करत होते आणि २००९ ला थेट 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. नाटकवाल्याला एकदा तरी वाटतंच, की च्यायला, मागच्या रांगेतल्यालाही नटाचे डोळे दिसले पाहिजेत.

फरक एवढाच की यातले बहुतेक घरचे, मराठीतले सिनेमे. सईबाई मराठी नाटककार, पण मोठ्या पडद्यावर गाजल्या त्या हिंदीत. मला हे कायम टोचतं. 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी', 'माझा खेळ मांडू दे' लिहिणाऱ्या बाईंनी आमच्या भाषेत असा एखादा सिनेमा का नाही केला?

स्लो लोकल | रात्री ११:०९

टोचत असेल तर आतून बनियन घाला काका. हलके घ्या.

मुळामुठा | रात्री ११:११

घेतलं.

नेपथ्य | बुधवार, सकाळी ७:३०

@मुळामुठा, 'कथा' नीट बघा. हिंदीत बोलणारा मराठी सिनेमा आहे तो. मूळ श. गो. साठ्यांचं मराठी नाटक, 'ससा आणि कासव'. नायक राजाराम पुरुषोत्तम जोशी, नायिका संध्या सबनीस. चाळ, जिना, सामायिक गॅलरी, आणि कुणाच्या घरी कोण आलं हे त्याच्याआधी शेजाऱ्याला कळणं. दिल्लीच्या प्रेक्षकाला कदाचित तो विनोदी सिनेमा वाटला असेल, आमच्या घरी तर तो माहितीपट म्हणून बघितला गेला.

आणि ओंजळताई, तुमच्या वजाबाकीचं उत्तर इथेच आहे. कथा दुसऱ्याची, म्हणजे लेखन काही प्रमाणात वजा झालंच. उरलं ते बघा: तेव्हा फारूक शेख म्हणजे गोड, सालस, लाजाळू. नसीर म्हणजे धारदार. यांनी दोघांची उलटापालट केली. फारूकला थापाड्या बाशू दिला आणि नसीरला पडखाऊ राजाराम. ही निवड कागदावर होत नाही, ती दिग्दर्शकाचीच. फारूकचा चेहरा इतका निष्पाप आहे की चाळीबरोबर आपणही फसतो. एखादा छटेल दिसणारा नट घेतला असता तर पहिल्या पाच मिनिटांत सिनेमा संपला असता.

गवतीचहा | सकाळी ७:४८

+१. आणि १९८३ साली संध्या जे राजारामला लग्नाआधी स्पष्ट सांगते आणि तो ज्या शांतपणे ते घेतो, त्यावर कुणी बोलतच नाही. सगळे ससा-कासवातच रमतात.

काठावरचा | सकाळी ८:१५

कासव जिंकतं का पण? ससा मजा मारून पुढच्या गावाला गेला. कासवाला जे मिळालं ते सशानं टाकून दिलेलं, असं आमचा एक मित्र म्हणायचा. (मित्राला बायकोनं तिथेच झापलं होतं. 'टाकून द्यायला ती काय केळीची साल आहे का' म्हणाली.)

ओंजळ | सकाळी ९:०२

मित्राच्या बायकोला माझा दंडवत सांगा.

नेपथ्य, पात्रनिवडीचा मुद्दा मान्य. एक माप वजनाच्या पारड्यातून काढते.

सातारी कंदी | सकाळी १०:२०

एक शंका. 'स्पर्श' आधीचा की 'चष्मेबद्दूर'? मी लहानपणी 'स्पर्श' नंतर पाहिल्याचं आठवतंय. पण सगळीकडे त्याला सईबाईंचा पहिला मोठा सिनेमा म्हणतात.

नेपथ्य | सकाळी १०:४५

दोघंही बरोबर. 'स्पर्श' आधी तयार झाला. १९७९ सालासाठीचे राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाले: सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, नसीरला अभिनेता, सईबाईंना पटकथा. पण थिएटरात यायला पुढे चारेक वर्षं रखडला. मधल्या काळात 'चष्मेबद्दूर' येऊन गाजलासुद्धा. म्हणून 'स्पर्श'ची फिल्मफेअर बघाल तर ती १९८५ सालची आहेत, चित्रपट, दिग्दर्शन आणि संवाद.

बघा ओंजळताई, राष्ट्रीय पुरस्कार पटकथेला मिळाला, दिग्दर्शनाला नाही. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देऊन बसलो.

स्लो लोकल | सकाळी १०:५०

वकील बदला, अशील हरतंय.

श्वेतयष्टी | दुपारी १:३५

पहिल्यांदाच लिहितोय इथे. एरवी नुसता वाचतो, म्हणजे ऐकतो. मला जन्मापासून दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. त्यामुळे टंकनचुका सांभाळून घ्या.

'स्पर्श' मी वसतिगृहात असताना पाहिला. आम्ही 'पाहिला' असंच म्हणतो. पंधरावीस मुलं आणि एक डोळस शिक्षक, ते मधूनमधून सांगायचे काय चाललंय. थोड्या वेळानं आम्हीच त्यांना म्हणालो, सर, गप्प बसा, कळतंय सगळं. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात असं झालं नव्हतं. मारामारीच्या सिनेमात तर नुसता गोंगाट, कोण मेलं ते शेवटी कळायचं.

ओंजळ यांनी रेडिओचं लिहिलंय म्हणून हे सांगावंसं वाटलं. रेडिओवर काम केलेल्या बाईंचा पहिला मोठा सिनेमा न दिसणाऱ्या माणसाचा आहे. ऐकणाऱ्यासाठी लिहायची सवय असल्याशिवाय असा सिनेमा होत नाही.

आणि एक प्रसंग. नायिका कविता अनिरुद्धच्या, म्हणजे त्या न दिसणाऱ्या नायकाच्या घरी येते आणि त्याला स्वयंपाकघरात मदत करायला जाते, तेव्हा तो चिडतो. कॉफी तोच करणार. बाहेरच्यांना तो उर्मट वाटतो. आमच्या खोलीत त्या क्षणी टाळ्या पडल्या होत्या. माझ्याच घरी एक काकू आहेत, पन्नास वर्षांच्या माणसाच्या हातातला कप अजून काढून घेतात, सांडेल म्हणून.

सातारी कंदी | दुपारी १:५०

लिहीत राहा हो. स्वागत.

ओंजळ | दुपारी २:१०

श्वेतयष्टी, सकाळपासून उत्तरं देतेय, पण तुमच्या प्रतिसादावर काय लिहू कळत नाहीये. 'स्पर्श' आणि रेडिओ ही गाठ माझ्या लक्षात आली नव्हती. मूळ धाग्यात मीच ती लिहायला हवी होती.

नेपथ्य | दुपारी २:४०

भर घालतो. तो सिनेमा दिल्लीच्या अंधशाळेतच चित्रित झालाय, ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या. नसीरची भूमिका तिथल्या मुख्याध्यापकांवर बेतलेली. मुलं तिथलीच. त्यामुळे त्या मुलांची धावपळ, गाणं, एकमेकांना ढकलणं यात अभिनयाचा वास येत नाही. नाटकातून आलेली व्यक्ती तालमी घेऊन घेऊन मुलांना घडवून टाकते बहुतेक वेळा. इथे तसं झालेलं नाही, हे मला दिग्दर्शनाचं श्रेय वाटतं. बालनाट्यांचा अनुभव कामी आला असणार. 'पत्तेनगरीत', 'शेपटीचा शाप' असल्या नाटकांत मुलांना सांभाळलेलं. पुढे चिल्ड्रेन्स फिल्म सोसायटीसाठी 'जादू का शंख' आणि 'सिकंदर'.

टिपणवही | दुपारी ३:०५

चहा झाला. दुपारचासुद्धा.

सगळे कौतुकात न्हाऊन निघालेत म्हणून जरा मीठ टाकतो. मला हे सिनेमे आवडतात, पण एका मर्यादेपर्यंत. 'चष्मेबद्दूर'मधली ती पोरं कुठल्या जगात राहतात? भाडं थकलंय, सिगरेटी उधार, आणि काळजी एकच, पोरगी कशी पटवायची. सगळं गोडगोड. हा मध्यमवर्गाचा मध्यमवर्गासाठी गूळपोळी कार्यक्रम आहे. त्याच सुमाराला 'आक्रोश' येत होता, हे विसरू नका.

गवतीचहा | दुपारी ३:२०

गूळपोळीत वाईट काय आहे? आणि ती काही साधी गूळपोळी नाही. दोघा मित्रांच्या थापांमधून अख्ख्या हिंदी सिनेमाची टर उडवलीय, बागेतली गाणी काय, शेरोशायरी काय. अमिताभ-रेखासुद्धा क्षणभर येऊन जातात. 'सिनेमात प्रेम असं होतं, आयुष्यात चमको पावडर विकायला आलेल्या मुलीशी होतं' हे सांगणारा सिनेमा आहे तो.

स्लो लोकल | दुपारी ३:२२

चमको! आमच्याकडे बायको बादली घेऊन निघाली की मी अजून 'चमको' ओरडतो. तिला आता हसू येत नाही. मला येतं.

पिंपळपार | दुपारी ४:४५

सईद जाफरींचा लल्लनमियाँ विसरू नका. पानाच्या टपरीवर उधारीची वही घेऊन बसलेला तो माणूस आख्ख्या सिनेमात फिरतो आणि कुठेही फुकट वाटत नाही. हे नाटककाराचं काम. नाटकात नोकर नुसता 'साहेब, फोन' म्हणायला ठेवला तर निर्माता विचारतो, याची नाइट (प्रयोगाचं मानधन) कशाला द्यायची? त्यामुळे प्रत्येकाला काहीतरी धंदा द्यावाच लागतो.

फ्रीमाँटची माई | दुपारी ४:५८

इकडे पहाट आहे. नातवाला 'चष्मेबद्दूर' दाखवायचा म्हणून शोधला तर आधी तो २०१३ चा नवा निघाला. दहा मिनिटांत बंद केला. नातू म्हणाला, आजी, या लोकांना ऐकायला कमी येतं का, सगळे ओरडतायत का?

पिंपळपार | संध्याकाळी ५:१०

माई, नातवाला इकडे समीक्षक म्हणून पाठवा.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, ५ एप्रिल २०१३ ला, जुनाही नवीन प्रिंट करून थिएटरात लावला होता. मी जुन्याला गेलो. निम्मं थिएटर रिकामं, पण जेवढे होते ते संवाद आधीच म्हणत होते. फारूक शेख त्याच वर्षाच्या शेवटी गेले, म्हणून ती दुपार जास्त लक्षात राहिली.

गिरणगावचा | संध्याकाळी ६:३०

@टिपणवही, 'दिशा' पाहिलाय का? नसेल तर गूळपोळी वगैरे शब्द मागे घ्यायची तयारी ठेवून बघा.

१९९० चा. गावातली दोघं कामासाठी मुंबईला गिरणीत येतात, नाना पाटेकर आणि रघुवीर यादव. मागे गावात ओम पुरी विहीर खणतोय. वर्षानुवर्षं खणतोय, पाणी नाही, लोक वेड्यात काढतात. शबाना बिडीच्या कामाला लागते आणि हळूहळू घरातली कर्ती होते.

त्यातला गाळा बघून माझे आजोबा उठून गॅलरीत गेले होते. ते भायखळ्याला तशाच गाळ्यात वीस वर्षं राहिलेले. एका खोलीत तीस-पस्तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. एक पाळी कामावर गेली की तिच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची वळकटी. जेवायला खानावळ. बायको गावाला, वर्षातून एकदा गणपतीत नाहीतर शिमग्यात भेट. आम्ही नातवंडांनी हे ऐकलं होतं, पण आजोबा सांगायचे ते हसत सांगायचे. त्या दिवशी पहिल्यांदा हसले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, भिंतीवरचे खिळे बरोबर दाखवलेत. प्रत्येकाचा एक खिळा असायचा, त्यावर पिशवी, तेवढीच तुमची जागा.

तर हे गूळपोळीवाल्या बाईंनी केलंय. पुण्यात आजोबा, गणितज्ञ रँग्लर परांजपे यांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे कुठून दिसलं माहीत नाही, पण दिसलं.

टिपणवही | संध्याकाळी ६:५५

'दिशा' पाहिलेला नाही. शब्द तात्पुरते स्थगित. बघून येतो.

मुळामुठा | संध्याकाळी ७:२०

@गिरणगावचा, घरातूनच आलं असणार ते. आई शकुंतला परांजपे. 'कुंकू'मधली ती म्हाताऱ्या वकिलाची समाजसेविका मुलगी आठवते? त्याच. सिनेमात काम केलं, लिहिलं, आणि त्या काळात संततिनियमनाच्या प्रचाराचं काम केलं, जेव्हा तो शब्द चारचौघांत उच्चारायची सोय नव्हती. पुढे राज्यसभेवरही होत्या. अशी आई असल्यावर मुलीला गाळाही दिसतो आणि विहीरही.

सईबाईंचे माहितीपट फारसे कुणी बघितलेले नसतात. वारणानगरच्या मुलांच्या वाद्यवृंदावरचा आहे, गावातल्या दारूविरोधी लढ्यावरचा 'चूडियाँ' आहे. त्यांचं नाव फक्त चमकोशी जोडलं जातं, याला आपण प्रेक्षक जबाबदार.

स्लो लोकल | संध्याकाळी ७:२४

माझ्याकडे बघून बोलू नका.

काठावरचा | रात्री ९:००

'साज'बद्दल कुणीच काही म्हणत नाहीये? की दोन गायिका बहिणी म्हटल्यावर धागा बंद पडेल अशी भीती?

नेपथ्य | रात्री ९:२५

तो वाद नकोच, सईबाईंनी स्वतः तसं काही नाही म्हटलेलं आहे. सिनेमा म्हणून बोलायचं तर मला त्यातला सुरुवातीचा संगीत नाटकाचा भाग फार आवडतो. रघुवीर यादवचा तो नाटकवेडा बाप. नंतर सिनेमा पसरतो. चार संगीतकार आहेत: भूपेन हजारिका, यशवंत देव, राजकमल, झाकीर हुसेन. झाकीर तर पडद्यावरही आहेत. गाणी सुंदर, जावेद अख्तरना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यासाठी. पण 'कथा'सारखी घट्ट वीण नाही. लेखिकेला जे जे सांगायचं होतं त्यातलं दिग्दर्शिकेनं काही कापायला हवं होतं.

पिंपळपार | रात्री ९:४०

हे मात्र बरोबर. स्वतः लिहून स्वतः दिग्दर्शन करण्यातला तोटा हाच. कात्री लावायची वेळ आली की आईच न्हावी.

ओंजळ | रात्री १०:५०

'आईच न्हावी' वहीत लिहून ठेवलं.

आता मूळ मुद्द्यावर. मी विचारलं होतं, लेखन वजा केलं तर काय उरतं. नेपथ्य यांनी फारूक-नसीरची अदलाबदल दाखवली, ती उरते. गिरणगावच्या आजोबांचे भिंतीवरचे खिळे उरतात, कारण संवादात खिळा कुणी म्हणत नाही, तो दाखवावाच लागतो. म्हणजे मी नुसता कान म्हणत होते ते अपुरं होतं. पण श्वेतयष्टींनी जे लिहिलंय, डोळे मिटूनही सिनेमा कळतो, ते माझ्या बाजूनं ठेवून घेते. ते नाही देणार.

'साज' काल रात्री पुन्हा लावला होता. नेपथ्य यांच्याशी सहमत, पण बाप दारूत बुडत जातो तो भाग बघताना कात्री आठवली नाही.

काठावरचा | रात्री ११:१५

मग हळद निघाली का वरणातून?

ओंजळ | रात्री ११:१८

हात पिवळे झालेत तेवढे.

टिपणवही | शनिवार, दुपारी १२:४०

'दिशा' पाहिला. स्थगिती कायम, म्हणजे शब्द मागे. 'चष्मेबद्दूर' मात्र अजूनही गूळपोळीच आहे, फक्त आता तूप जास्त लागतं असं वाटतंय.

@गिरणगावचा, खिळ्यांकडे मुद्दाम बघत होतो. एका खिळ्यावर दोन पिशव्या होत्या का हो कधी?

गिरणगावचा | दुपारी १:०५

असायच्या. गावाहून नवा भाऊबंद आला की. आजोबांच्या खिळ्यावर त्यांच्या चुलतभावाची पिशवी तीन वर्षं होती. भांडणं खिळ्यावरूनच व्हायची.